अप्पांना न सांगितलेला वर्ग

केजच्या शाळेत मी चित्रकला शिकवायची तेव्हा माझा हात फार जलद होता. पाहुणे यायचे असले की अर्ध्या तासात फळ्यावर समई, कमळ, सोंड उचललेला हत्ती आणि रंगीत 'सुस्वागतम्' काढून मी मोकळी व्हायची. मुख्याध्यापक म्हणायचे, "मॅडमचा हात म्हंजे मशीन हाय." ऐकून बरं वाटायचं, आणि घरी येताना कसंतरीही व्हायचं. चार वर्षं मी तोच हत्ती काढत होते आणि एकदाही कुठल्या हत्तीकडे बघून तो काढला नव्हता.

नवरा औरंगाबादला औषधांच्या कंपनीत मशिनी सांभाळणारा इंजिनिअर. शनिवारी संध्याकाळच्या एसटीने यायचा, सोमवारी पहिल्या गाडीने जायचा. केजला मी, आमची पाच वर्षांची मुलगी आणि सासरे. सासऱ्यांना अख्खं घर अप्पा म्हणायचं, नातसुद्धा. बाजारपेठेत त्यांचं कापडाचं दुकान होतं. सासूबाई गेल्यावर त्यांनी ते धाकट्या दिरांच्या हवाली केलं, पण सवय जाईना. सकाळी लिंगपूजा करून, कपाळाला भस्म लावून ते दुकानात जायचे, तासाभरात घरी यायचे, पाणी पिऊन परत जायचे. त्यांना कुठेच बसवत नव्हतं. मलाही नव्हतं. फरक एवढाच की त्यांच्या येरझाऱ्या लोकांना दिसायच्या.

ते दिवस परदेशी मशिनींचे होते. नवरा दर शनिवारी काहीतरी नवीन सांगायचा. हे आलं, ते येणार, अमक्याला जर्मनीला पाठवलं. एका शनिवारी मी मुलीला घेऊन स्टँडवर त्याला आणायला गेले होते. तो उतरला आणि पिशवी माझ्या हातात देत म्हणाला, "इटलीला जायचंय. सात महिने. गोळ्या पाकिटात भरायची नवी मशीन घेतलीय कंपनीनं. तिथं राहून शिकून यायचं."

"आणि आम्ही?"

"फॅमिली नेता येते म्हणाले. पण तू काय करशील तिथं?"

शेजारी माजलगावची गाडी मागे येत होती, कंडक्टर शिट्टीवर शिट्टी मारत होता. मी जवळजवळ ओरडून म्हटलं, "ड्रॉइंग शिकीन."

तो हसला. पण मी हसले नव्हते. औरंगाबादला आमच्या चित्रकलेच्या कॉलेजात कपाटावर प्लास्टरचं एक डोकं होतं, नाक फुटलेलं. सर सांगायचे की ही नकलेची नक्कल आहे. असली मूर्ती इटलीत आहे, तिथं लोक एकेक चित्र दोन-दोन महिने काढतात. दोन महिने एकाच चित्रासमोर बसून माणूस काय करत असेल, हे मला तेव्हापासून कळलं नव्हतं.

अडचण मुलीची होती. नवरा कारखान्यात, मी वर्गात, मग हिला कोण बघणार? घरी ही चर्चा चालू असताना अप्पा सुपारी कातरत बसले होते. अडकित्ता थांबवून म्हणाले, "मी येतो."

"अप्पा, लई थंडी असते तिथं. जेवणाचं काय?"

"पीठ न्यायचं. हितं तरी काय करायलोय मी? नुसतं हिकडून तिकडं."

शाळेने बिनपगारी रजा दिली. ज्वारीच्या पिठाच्या दोन पिशव्या, शेंगदाण्याची चटणी, लोखंडी तवा आणि अप्पांची पूजेची पेटी एवढं घेऊन आम्ही निघालो.

फ्लॉरेन्समध्ये कंपनीने तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या दिल्या होत्या. पहिला महिना मी नुसती चालले. खिडकीत उभी राहायची, जिना उतरायची, नदीपर्यंत जायची, परत यायची. देवळांत आणि संग्रहालयांत एवढ्या मूर्ती, एवढी चित्रं, की एकीसमोर उभी राहिले की दुसरी राहतेय असं वाटायचं. वही उघडायची आणि पाच मिनिटांत एक पान भरून पुढे पळायची. रात्री पानं बघितली की सगळ्या मूर्तींचे चेहरे सारखे दिसायचे. माझ्या हत्तीचेच भाऊबंद.

अप्पा मात्र माझ्याआधी रुळले. धोतर, वर दोन स्वेटर, कानाला मफलर, अशा अवतारात ते नातीला घेऊन चौकातल्या बागेत जायचे. तिथं म्हातारे लोक पत्ते खेळायचे. अप्पा मागे उभे राहून बघायचे, आणि पंधरा दिवसांनी कुणाचा डाव चुकला की मान हलवायला लागले. एकदा कापडाच्या दुकानात शिरून त्यांनी ठाणाचं टोक चिमटीत धरलं, डोळे मिटले आणि मला म्हणाले, "ह्यात लोकर निम्मीच हाय. सांग त्याला." मी सांगितलं नाही.

वर्ग मला योगायोगानेच सापडला. ब्रेड घ्यायला जायची त्या दुकानाच्या दारावर हाताने काढलेला एक कागद चिकटवलेला होता. खाली पत्ता, आणि वर कोळशाने काढलेला एक कान. तो कान बघून मी ब्रेड न घेताच जिना शोधत गेले.

वर एक लांबलचक खोली होती, उत्तरेकडे मोठी खिडकी, आणि आठ-दहा जण आपापल्या कागदापासून मागे जात होते, पुढे येत होते, मागे जात होते. शिकवणाऱ्या बाई साठीच्या. इंग्रजी माझ्यासारखंच मोडकं. त्यांनी प्लास्टरचं एक पाऊल माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाल्या, "काढ." मी दहा मिनिटांत काढलं. सावली दिली, नखं काढली, खाली सहीसुद्धा केली. बाईंनी कागद उचलून खिडकीच्या उजेडात धरला.

"छान," त्या म्हणाल्या. "आता बघून काढ."

ते पाऊल मी पाच आठवडे काढलं. तिथली रीत अशी: मूर्ती आणि कागद शेजारी शेजारी ठेवायचे. सहा पावलं मागे जायचं, दोरीला शिसं बांधलेला ओळंबा डोळ्यांसमोर धरायचा, आपल्याकडे गवंडी धरतात तसा, अंतर मनात धरायचं, पुढे यायचं आणि कागदावर एक खूण करायची. परत मागे. खूण चुकलेली असायची. पावाच्या मऊ गराने ती पुसायची, परत पुढे, परत मागे. दुपारपर्यंत पोटऱ्या दुखायच्या आणि कागदावर अंगठासुद्धा झालेला नसायचा. कित्येकदा वाटलं, हा कागद फाडावा आणि केजला जाऊन 'सुस्वागतम्' काढावं. घरी आले की हाताला, कपाळाला काळं असायचं. अप्पा भाकरी वाढून घेत म्हणायचे, "चित्र शिकायलीस का कोळशाच्या वखारीत कामाला जातीस?"

"पाय काढायलेय, अप्पा."

"आजून तोच?"

"तोच."

"कुनाचा हाय एवढ्या मोठ्या मानसाचा?"

पाचव्या आठवड्याच्या शेवटी बाईंनी माझ्या कागदावरची एकही रेघ पुसली नाही. फक्त म्हणाल्या, "सोमवारपासून वरच्या खोलीत ये."

वरच्या खोलीत काय असतं हे मला माहीत होतं. त्या खोलीत माणूस समोर बसतो आणि त्याच्या अंगावर कपडे नसतात. आमच्या कॉलेजात याचा उल्लेख आला की मुली वह्या आवरायच्या. शनिवार-रविवार मी घरी काहीच बोलले नाही. बोलायचं तर कसं सुरू करायचं? सोमवारी निघताना अप्पांनी विचारलं, "आज काय, पायच?" मी चपला घालता घालता "हो" म्हणाले.

वर एक बाई उभी होती. पन्नाशीची, जाडसर, केस पिकायला लागलेले. पोटावर शस्त्रक्रियेचा आडवा व्रण. दुपारी ती कुठल्याशा बेकरीत काम करायची असं नंतर कळलं. एका पायावर भार देऊन, एक हात लाकडी काठीला धरून ती खिडकीकडे बघत होती. मला तिच्याकडे बघवेना. पहिल्या दिवशी मी तिचं तोंड काढलं, हातातली काठी काढली आणि कोपऱ्यातला विजेचा हीटर अगदी जाळीसकट काढला. बाई मागे येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "हीटर सुंदर आहे," आणि पुढे गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी खांद्यापासून सुरुवात केली. ओळंबा धरला की एक मात्र होत असे. लाज वाटायला सवड राहायची नाही. मानेपासून टाचेपर्यंत दोरी कुठून जाते, कंबर तिच्या किती डावीकडे आहे, एवढंच उरायचं. पण वर्ग सुटला की जिना उतरता उतरता मी काय सांगायचं ते मनात घोकायची. कोपऱ्यावर अप्पा नातीचा हात धरून उभे असायचे. रोज एक खोटं बोलायचं होतं आणि रोज ते थोडं सोपं जात होतं. त्याचीच मला जास्त भीती वाटत होती.

असे तीन आठवडे गेले. एका सकाळी वर्ग चालू असताना दार उघडलं आणि दारात अप्पा उभे. खांद्यावर माझी मुलगी, तिचा रडून लाल झालेला चेहरा, धोतराला माती. खालच्या मजल्यावर कुणीतरी त्यांना बोटाने वर दाखवलं असणार.

अप्पांनी समोर बघितलं. ती बाई तशीच उभी होती; तिचं कामच न हलण्याचं. अप्पांची नजर तिच्यावर पडली, माझ्या कागदावर गेली, मग ते खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "पोरगी झोक्यावरनं पडली. हात सुजलाय. चल."

दवाखान्यात दोन तास गेले. मनगटाच्या हाडाला चीर गेली होती. मुलगी प्लास्टर घालून घेताना रडली नाही, डॉक्टरचा चष्मा ओढत राहिली. मी आणि अप्पा बाकावर शेजारी. मी वाट बघत होते की ते आता बोलतील. ते समोरच्या भिंतीकडे बघत होते. शेवटी म्हणाले, "त्या बाईला थंडी वाजत आसंल. शेगडी लई लांब हाय तिच्यापासनं."



त्यानंतरचे चार दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. नवरा कारखान्यातून आला की मी अप्पांच्या तोंडाकडे बघायची. ते जेवायचे, हात धुवायचे, नातीला गोष्ट सांगायचे. सांगणार नसतील तर का नाही? सांगणार असतील तर कधी? परातीत भाकरी थापताना माझी नजर दाराकडे. भाकरी करपायच्या. एकदा वाटलं, आपणच सांगून टाकावं. तोंड उघडलं आणि मीठ मागितलं.

सांगितलं शेवटी मुलीने. रविवारी सगळे जेवायला बसलो होतो. प्लास्टरचा हात ताटाशेजारी ठेवून ती म्हणाली, "पप्पा, मम्मीच्या शाळेत एक आजी नागडी उभी राहते."

नवऱ्याचा घास हातातच राहिला. "काय म्हणतेय ही?"

मी सांगितलं. सांगायला दोन वाक्यं पुरली.

"आणि तू मला पाय काढतेय म्हणून सांगत होतीस?"

"तीन आठवड्यांपूर्वीपर्यंत पायच काढत होते."

तो अप्पांकडे वळला. "तुमी बघितलं?"

"बघितलं."

"मग बोलला कावून न्हाईत?" रागावला की त्याच्या तोंडात केज यायचं.

"ते तिनं सांगायचं होतं." अप्पांनी पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं. "मला आवडलं न्हाई, पोरी. खोटं कशाला बोलू. बाईमानूस तसं उभं बघून मला कसंतरी झालं. पन त्याच्यापेक्षा हे वाईट वाटलं की रोज तू मला पायच म्हनलीस. मी हितं पोर घेऊन थंडीत बसतो ते काय तुज्यावर पहारा करायला? इचारलं आसतंस तर मी न्हाई म्हनलो आसतो. मग भांडली आसतीस. भांडायचं होतंस."

नवरा उठून गेला. अप्पा पुढचं जेवले. मी ताट तसंच ठेवून बसले.

आठ दिवस मी वर्गाला गेले नाही. घरातली भांडी तीन-तीनदा घासली. खिडकीतून समोरच्या गॅलरीतला बाक कागदावर काढला, कागद फाडला, परत काढला. नवरा बोलायचा तो मशिनीबद्दल. मग त्याला उत्तरेकडच्या दुसऱ्या कारखान्यात दीड महिन्यासाठी पाठवायचं ठरलं. तो म्हणाला, "सामान बांधा. सगळेच जाऊ."

"मी येत नाही," मी म्हणाले. ठरवून म्हटलं नव्हतं. तोंडून निघालं आणि मग ते खरं झालं. "माझं चित्र अर्धं आहे. मी रोज तिथं जाणार आहे आणि काय काढते ते रोज घरी सांगणार आहे. तुम्हाला नको असेल तर आत्ता भांडा."

तो भांडला. चांगला तासभर. त्याचं म्हणणं, आपल्या गावात कळलं तर शाळेत तोंड दाखवता येईल का? मी म्हटलं, ते मला माहीत नाही. अप्पा नातीला मांडीवर घेऊन बसले होते. भांडण दमल्यावर म्हणाले, "मी आन पोरगी बी हितंच ऱ्हातो. तिचं प्लास्टर काढायचंय."

नवरा एकटा गेला. दर शनिवारी रेल्वेने यायचा. दोघे हसत नव्हतो, पण मी स्टेशनवर त्याला घ्यायला जायची, आणि तो पिशवी माझ्या हातात द्यायचा.

वर्गात परत गेले त्या दिवशी मी आधी हीटर उचलून त्या बाईच्या पायाशी नेला. शिकवणाऱ्या बाईंनी भुवया उंचावल्या. "उजेडात काही फरक पडतो का त्यानं?"

"नाही. थंडी आहे."

हीटरशेजारी उभ्या त्या बाईने माझ्याकडे बघून फक्त पापण्या मिटल्या, उघडल्या. मान हलवली असती तर पोज बिघडली असती.

घरी आल्यावर अप्पा विचारायचे, "आज काय?" मी सांगायची, आज गुडघा. आज पोटावरचा व्रण. व्रण म्हटलं तेव्हा अप्पा थबकले. "कशाचा गं?" मी म्हटलं, बाळंतपणाचा असेल. ते "हूं" म्हणून पूजेची पेटी पुसत बसले. सासूबाईंचं तिसरं मूल बाळंतपणातच गेलं होतं, हे मला लग्नानंतर शेजारणीने सांगितलं होतं. अप्पांनी कधीच नाही.

एकदा मी त्यांना म्हटलं, "अप्पा, तुम्ही बसा ना माझ्यासमोर. धोतर-टोपीसकट." ते बसले. पाच मिनिटांत उठून खिडकीशी गेले, परत बसले, चहा मागितला, परत उठले. "मला न्हाई बसवत एका जागी. ती बाई कशी उभी ऱ्हाती, देवाला ठाऊक." त्यांचं चित्र माझ्याकडे नाहीच. एक टोपी आहे, आणि टोपीखाली डाव्या कानापर्यंत आलेली एक रेघ.

आमचं चित्रही पुरं झालं नाही. शेवटच्या आठवड्यात त्या बाईला ताप आला, तिच्या जागी एक तरुण मुलगी उभी राहिली. माझ्या कागदावर मांड्यांपर्यंत काम झालेलं होतं आणि खाली दोन पावलांच्या नुसत्या खुणा. बाई म्हणाल्या, "दुसरीचे पाय हिला लावू नकोस." मी कागद गुंडाळला. दोन दिवसांनी आमचं विमान होतं.

केजला आलो तेव्हा उन्हाळा लागला होता. गुंडाळी मी कपाटावर, लग्नातल्या बॅगेमागे ठेवली. कुणी विचारलं तर सांगायची, तिकडची देवळं काढलीत. हे खोटं मात्र मी घरी सांगून बोलत होते.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. मी आठवीच्या मुलांसमोर एक वीट ठेवली आणि आठवडाभर तीच काढायला लावली. तिसऱ्या दिवशी मुलं कंटाळली. पाचव्या दिवशी एक मुलगी म्हणाली, "मॅडम, हिची एक बाजू आत गेलीया." वीट भट्टीत वाकली होती, मलाही दिसलं नव्हतं. मला एवढा आनंद झाला की मी दुसऱ्या तुकडीलाही तीच वीट दिली. मुख्याध्यापकांनी बोलावून घेतलं. "मॅडम, पालक इचारायलेत, परदेशात जाऊन वीट शिकून आल्या का म्हणून. परीक्षेला निसर्गचित्र येतंय. आन पंधरा ऑगस्टचा फळा कधी काढताय?"

फळ्याला मला दोन दिवस लागले. समई काढायची तर घरची समई आणून समोर ठेवावी वाटली. मागे जायची, पुढे यायची. शिपाई स्टूल धरून उभा होता, तो शेवटी म्हणाला, "मॅडम, तुमी चालायलाव का काढायलाव?" हत्ती मी काढलाच नाही. मुख्याध्यापकांना तो हवा होता. ते नंतर कधी "मशीन" म्हणाले नाहीत.

दोन वर्षं मी तशीच ओढली. जुना जलद हात परत येईना, आणि नवा हात शाळेच्या तासात मावेना. मग मी नोकरी सोडली आणि आम्ही औरंगाबादला राहायला गेलो. अप्पा केजलाच राहिले. दुकान, घर, दुकान. आम्ही गेलो की त्यांचा एकच प्रश्न असायचा, "आज काय काढलं?" काही काढलेलं नसलं तर मी तेही सांगायची. अंगणात चालता चालता एका सकाळी ते गेले.

नवऱ्याने ते चित्र कधी बघितलं नव्हतं. मागितलंही नव्हतं. औरंगाबादच्या घराला रंग द्यायचा म्हणून आम्ही सामान हलवत होतो, तेव्हा गुंडाळी त्याच्याच हाती लागली. त्याने खाली बसून फरशीवर ती उलगडली, चारी कोपऱ्यांवर रंगाचे डबे ठेवले. मुलगी शाळेत होती. मी दारात उभी होते, आता उठून जाईल म्हणून.

तो गेला नाही. मशीन बघताना बघतो तसा, एक डोळा बारीक करून बघत होता. मग बोट कागदाला न लावता त्याने खांद्यापासून खालपर्यंत हवेत एक रेघ ओढली.

"सगळा लोड ह्या पायावर आहे," तो म्हणाला. "म्हणून हा खांदा खाली आलाय."

"हो."

"पण मग कंबर ह्या बाजूला आणखी वर पाहिजे. एवढा लोड आल्यावर एवढीशीच कशी वर जाईल?"

मी जाऊन त्याच्याशेजारी बसले. बघितलं. सहा पावलं मागे गेले, भिंतीला टेकले, परत बघितलं. त्याचं बरोबर होतं. दोन बोटं तरी कमी होती. एवढे आठवडे ओळंबा धरून मला ते दिसलं नव्हतं, आणि बाईंनाही दिसलं नव्हतं, किंवा दिसलं असेल आणि मी आपण होऊन बघावं म्हणून त्या थांबल्या असतील.

"दुरुस्त कर की," तो म्हणाला.

कोळसा कपाटातच होता. मी तो काढला, हातात धरला. ती कंबर पुन्हा बघायला ती बाई समोर लागणार होती. मनाने काढली तर परत तो हत्तीच. मी कोळसा ठेवून दिला. तो रंगाच्या लोकांना फोन करायला उठला. फोनवर बोलताना तोही एका पायावर भार देऊन उभा होता. मी परत कोळसा उचलला.